गतीचा धडा जगाने कसा गिरवला

शाळेच्या माडीवरून एका हातातून नारळ आणि दुसऱ्या हातातून सुपारी एकाच वेळी सोडली, तर जमिनीला आधी काय लागेल? हा प्रश्न नववीच्या कोणत्याही वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले नारळाचे नाव घेतील. दोनचार मुले दोन्ही बरोबरच पडतील असे सांगतील, पण ती पाठ्यपुस्तक वाचून आलेली असतात, आणि "ते कशावरून?" एवढे विचारले की त्यांची मान खाली जाते. नारळ म्हणणाऱ्यांची मात्र जात नाही. ती हातात नारळ तोलून दाखवतात आणि म्हणतात, "सर, हा जड आहे ना!"

परीक्षेत या मुलांना शून्य मिळते. नियमाला धरून ते योग्यच आहे. पण मी इतिहासाचा शिक्षक. माझी नजर निराळ्या गोष्टीकडे जाते. शून्य मिळवणारा हा मुलगा एकटा नाही. त्याच्या बाकावर त्याच्याशेजारी ग्रीस देशाचा ॲरिस्टॉटल बसलेला आहे, आणि मागच्या बाकांवर पुढच्या जवळजवळ दोन हजार वर्षांतले कितीतरी पंडित. चाल, वेग, त्वरण, जडत्व हे शब्द आपण पंधरा दिवसांत मुलांच्या वहीत उतरवून देतो. जगाच्या वहीत ते उतरायला किती काळ लागला आणि त्यासाठी कोणाला काय सोसावे लागले, ते आज सांगायचे आहे. सूत्रे मी सांगणार नाही. ती शाळेतले विज्ञानशिक्षक माझ्याहून चांगली शिकवतात.

ॲरिस्टॉटलचा काळ इसवी सनापूर्वी ३८४ ते ३२२ हा. त्याची थट्टा करण्याची आपल्या पुस्तकांना सवयच लागली आहे. एवढा मोठा तत्त्ववेत्ता, पण दोन दगड टाकून पाहावेत हे त्याला सुचू नये, असे आपण हसत हसत सांगतो. हे काही बरे नव्हे. कोंबडीखालची अंडी दिवसागणिक फोडून आत पिल्लू कसकसे आकार घेते, याची तपशीलवार नोंद ठेवणारा हा मनुष्य होता. डोळे मिटून लिहिणारा तो नव्हता. गतीविषयी त्याने जे सांगितले, ते चारचौघांच्या डोळ्यांना दिसते तेच होते. बैल ओढतात तोवर गाडी चालते. बैल थांबले की गाडी थांबते. यावरून त्याने नियम बांधला की, हलवणारा असेल तोवरच वस्तू हलते. पिंपळाचे पान तरंगत खाली येते आणि दगड धाडकन येतो. विहिरीच्या पाण्यात जड धोंडा झटकन तळ गाठतो आणि लाकडासारखा हलका तुकडा तर बुडतही नाही. यावरून त्याने दुसरा नियम बांधला की, जितके वजन अधिक तितके पडणे जलद. जन्मभर शेती केलेल्या माणसाला विचारा, तो याच्या विरुद्ध साक्ष देणार नाही. घर्षण नाही, हवेचा अडथळा नाही, असे जग कोणी पाहिले आहे?

पण एक अडचण त्याला नीट सोडवता आली नाही. ती आपल्याकडच्या भाषेत सांगायची तर गोफणीची अडचण. जोंधळा राखायला माळ्यावर उभा असलेला राखणदार गोफण फिरवतो आणि एक दोर सोडतो. धोंडा सुटतो आणि पलीकडच्या बांधावर जाऊन पडतो. हात मागे राहिला, गोफण मागे राहिली. मग वाटेत त्या धोंड्याला कोण ढकलत होते? ॲरिस्टॉटलचे उत्तर असे की, हवा ढकलत होती. हाताने धोंड्याबरोबर हवेलाही चालना दिली, आणि ती हवा त्याला पुढे पुढे नेत राहिली.

हे उत्तर सर्वांना पटले असे मात्र नाही. इसवी सनाच्या सहाव्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात फिलोपोनस नावाचा एक टीकाकार होऊन गेला. त्याने विचारले, हवाच जर बाण नेत असेल तर धनुष्याची दोरी कशाला हवी? बाणाच्या मागची हवा जोराने हलवली म्हणजे झाले! त्यानेच हेही लिहून ठेवले की, वजनात पुष्कळ फरक असलेल्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या तर त्यांच्या पडण्याच्या वेळात फारच थोडा फरक पडतो. म्हणजे गॅलिलिओच्या आधी हजार वर्षे एका माणसाने नारळ-सुपारीचा प्रयोग जाणला होता. ऐकणारे कमी मिळाले, एवढेच.

आपल्या वैशेषिक दर्शनातही या प्रश्नावर विचार झालेला आहे. प्रशस्तपादाने 'वेग' हा एक संस्कार मानला आहे. पहिल्या धक्क्याने तो वस्तूत उत्पन्न होतो, एका ठरावीक दिशेने तिच्या हालचालींची मालिका चालू ठेवतो, आणि दुसऱ्या वस्तूंशी संयोग होऊन नष्ट होतो. पुढे चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदान नावाच्या अध्यापकाने साधारण याच वळणाची कल्पना मांडली. फेकणाऱ्याच्या हाताने धोंड्यात एक जोर भरला. तो आपणहून संपत नाही, हवा आणि वजन त्याला खातात. आपली मुले "त्यात अजून जोर आहे", "त्याचा जोर संपला" असे म्हणतात, तेव्हा ती बुरिदानच्या वर्गात पोहोचलेली असतात. शाळेतल्या मुलासाठी ही काही लहान मजल नव्हे.

दुसरी एक गाठ याहून अवघड होती. एसटी गाडी दोन तासांत ८० किलोमीटर गेली, तर तिची सरासरी चाल ताशी ४०. हे पोराला कळते. पण आत्ता, या क्षणाला, या पुलावर गाडीची चाल किती? क्षणाला लांबी नाही, क्षणात गाडी काही अंतर कापत नाही. मग भागाकार कशाचा करायचा? हुशार मुले येथे अडतात, आणि अडायलाच हवे. हा प्रश्न आपल्या भास्कराचार्यांपुढे आकाशाच्या गणितात उभा राहिला होता. चंद्राची गती रोज सारखी नसते; तेव्हा नेमक्या वेळेचे गणित करायचे तर दिवसाची गती उपयोगी नाही, त्या वेळेची गती हवी. ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त त्यांनी तिला 'तात्कालिक' गती म्हटले आणि ती काढण्याची रीतही दिली. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ चालवला होता, असे त्यावरून कळते. त्या भागातल्या शिक्षकांनी मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे. युरोपात चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या गणित्यांनी सारखी वाढत जाणारी चाल म्हणजे काय याची व्याख्या केली, आणि पॅरिसच्या ओरेमने तिची आकृती काढून दाखवली. आज आपण वेग-काल आलेख म्हणून जो त्रिकोण फळ्यावर काढतो, त्याचे मूळ तेथे आहे. मात्र ही सारी चर्चा ग्रहांची किंवा कागदावरची. पडणाऱ्या दगडाला हे लावून मोजून पाहण्याचे काम अजून व्हायचे होते.

आता गॅलिलिओकडे येऊ. १५६४ साली पिसा गावी त्याचा जन्म झाला. बाप व्हिन्चेन्झो हा ल्यूट नावाचे तंतुवाद्य वाजवणारा आणि संगीतशास्त्रावर लिहिणारा. मुलालाही ते वाद्य चांगले येत असे. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

पिसाच्या कलत्या मनोऱ्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गॅलिलिओ मनोऱ्यावर चढला, खाली सारे प्राध्यापक आणि विद्यार्थी जमले, दोन गोळे पडले आणि ॲरिस्टॉटलही पडला! गोष्ट सुरेख आहे. पण ती आपल्याला मिळते गॅलिलिओच्या शेवटच्या वर्षांतला शिष्य व्हिव्हियानी याने गुरूच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात. असा जाहीर प्रयोग आपण त्या मनोऱ्यावर केला, असे खुद्द गॅलिलिओने कोठे लिहिलेले नाही. ज्याने केला आणि छापून ठेवला, तो हॉलंडचा सायमन स्टेव्हिन. त्याने आणि त्याच्या मित्राने एक गोळा दुसऱ्याच्या दहापट जड असे शिशाचे दोन गोळे ३० फुटांवरून खाली एका फळीवर टाकले. दोन्ही गोळ्यांचा फळीवर एकच आवाज झाला, असे स्टेव्हिनने १५८६ साली प्रसिद्ध केले. पण स्टेव्हिनची गोष्ट कोणी सांगत नाही. कलता मनोरा त्याच्याकडे नव्हता ना!

गॅलिलिओने एक युक्तिवाद केला, तो मला मनोऱ्याहून मोलाचा वाटतो. त्याला ना मनोरा लागतो ना गोळे. आपल्या नारळ-सुपारीवरच तो सांगतो. समजा, जड वस्तू खरोखर जलद पडते. मग नारळाला सुपारी दोरीने बांधून सोडा. सुपारी मंद, ती नारळाला मागे ओढणार. म्हणून जोडी एकट्या नारळापेक्षा हळू पडली पाहिजे. पण जोडीचे वजन तर नारळापेक्षा जास्त! म्हणून ती नारळापेक्षा जलदही पडली पाहिजे. एकच जोडी एकाच वेळी हळूही पडते आणि जलदही पडते, हे कसे काय? तेव्हा मूळ समजूतच सोडावी लागते. हा वाद फळ्यावर एक अक्षर न लिहिता वर्गात घालता येतो. मुले पाच मिनिटे भांडतात आणि मग गप्प होतात. ती गप्प झालेली वेळ शिक्षकाने घाईने बोलून घालवू नये.

बरोबर पडतात हे ठरले. पण कशी पडतात? चाल वाढते हे तर दिसते. कोणत्या हिशेबाने वाढते? येथे खरी पंचाईत होती. पिसाचा मनोरा सुमारे ५६ मीटर उंच. त्यावरून सुटलेला गोळा साडेतीन सेकंदांच्या आत खाली येतो. त्या काळच्या घड्याळांना सेकंदाचा भरवसा नव्हता. लंबकाचे घड्याळ १६५६ साली हायगेन्सने केले. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच संपणारी गोष्ट मोजायची कशी?

गॅलिलिओने पडण्यालाच मंद केले. उभे पडणे सोडून त्याने गोळा उतारावरून सोडला. उतार जितका कमी, तितके पडणे सावकाश. पण जात तीच. त्याचे वर्णन त्याने स्वतः करून ठेवले आहे. सुमारे सात मीटर लांबीची लाकडी तुळई. तिच्या कडेवर बोटभर रुंदीची सरळ खाच, घासून गुळगुळीत केलेली आणि आतून चर्मपत्र लावलेली. तिच्यातून घरंगळणारा कठीण, गोल, झिलई केलेला कांस्य धातूचा गोळा. वेळ मोजायला पाण्याने भरलेले मोठे भांडे, त्याच्या बुडाला बारीक नळी. गोळा सुटला की नळीची धार खालच्या पेल्यात धरायची, गोळा पोहोचला की बंद करायची, आणि पेल्यातले पाणी काट्यावर तोलायचे. पाण्याचे वजन म्हणजेच वेळ. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्ताला घंगाळात घटिकापात्र सोडत, ती रीत याच कुळातली. फक्त तिच्याने २४ मिनिटांची घटिका मोजायची, आणि याने नाडीच्या ठोक्याचा अंश मोजला. एकेक अंतर पुन्हा पुन्हा मोजून, असे प्रयोग आपण पुरते शंभर वेळा केले आणि नाडीच्या ठोक्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही फरक पडला नाही, असे तो सांगतो.

निष्पन्न काय झाले? पूर्ण लांबी उतरायला जो वेळ लागतो, त्याच्या बरोबर निम्म्या वेळात गोळा चौथाई लांबी उतरतो. पहिल्या ठोक्याला गोळा एक हिस्सा अंतर गेला, तर दुसऱ्या ठोक्याला तीन, तिसऱ्याला पाच, चौथ्याला सात. विषम संख्यांची रांग! बेरीज करत जा: एक, चार, नऊ, सोळा. लहान मुलाला पाढ्यात येणारे हे आकडे पडणाऱ्या धोंड्यात सापडतील, असे कोणाला वाटले होते?

पण रांग सापडली म्हणजे अर्थ सापडला असे होत नाही. १६०४ च्या ऑक्टोबरात गॅलिलिओने व्हेनिसच्या पाओलो सार्पी या विद्वान मित्राला पत्र लिहिले. गॅलिलिओ तेव्हा ४० वर्षांचा, पादुआच्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक. पत्रात विषम संख्यांचा नियम बरोबर आहे. त्याचे कारण म्हणून दिलेले तत्त्व मात्र साफ चुकीचे आहे. वस्तू जितके अंतर पडली, त्या प्रमाणात तिची चाल वाढते, असे त्याने लिहिले. दुप्पट अंतर, तर दुप्पट चाल. खरी गोष्ट अशी की चाल वेळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट वेळ, तर दुप्पट चाल. अंतर आणि वेळ यांतली ही गल्लत दूर व्हायला त्याच्यासारख्यालाही पुढे काही वर्षे लागली. म्हातारपणी लिहिलेल्या ग्रंथात त्याने हीच चुकीची कल्पना एका पात्राच्या तोंडी घातली, आणि दुसऱ्या पात्राकडून वदवले की, घाबरू नका, आपले ग्रंथकारही काही काळ याच चुकीत होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, त्वरणाचे एकक शिकवताना 'मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद' येथे मुले अडखळतात. "सर, सेकंद दोनदा का?" असा प्रश्न येतो. पुष्कळदा त्याचे उत्तर 'वर्ग करायचा असतो म्हणून' असे मिळते, आणि मूल गप्प बसते. खरे म्हणजे गॅलिलिओ १६०४ साली जेथे अडला होता, त्याच जागी ते मूल उभे असते. पहिला सेकंद चालीचा: एका सेकंदात किती मीटर. दुसरा सेकंद वाढीचा: ती चाल एका सेकंदात कितीने वाढली. दुधाच्या हिशेबावरून सांगता येते. गाय दिवसाला चार लिटर दूध देते, आणि चांगल्या चाऱ्यावर तिचे दूध दर दिवसाला पाव लिटरने वाढते आहे. येथे दिवस दोनदा आला की नाही? दुधाच्या डेअरीत खाते असलेल्या घरच्या पोराला हे सांगावे लागत नाही.

उतारावरून गोळ्याने आणखी एक गोष्ट शिकवली. एका उतारावरून खाली आलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तेवढ्याच उंचीला चढतो. चढ सौम्य केला तर तीच उंची गाठायला तो अधिक लांब जातो. चढ आणखी सौम्य केला, आणखी लांब. मग चढ मुळीच नसेल तर? थांबायला कारणच उरत नाही. येथे दोन हजार वर्षांचा प्रश्न उलटा झाला. वस्तू का चालत राहते, हे विचारायचे नाही. ती का थांबते, हे विचारायचे. बैलगाडी थांबते ती बैल थांबले म्हणून एवढ्याने नव्हे. आख, वंगण, रस्त्याची माती तिला थांबवतात. गॅलिलिओची ही कल्पना पृथ्वीच्या गोल पृष्ठाला धरून होती. सरळ रेषेतल्या गतीचा नियम देकार्तने १६४४ साली मांडला, आणि १६८७ साली न्यूटनने त्याला आपल्या तीन नियमांत पहिले स्थान दिले. न्यूटनविषयी येथे अधिक सांगत नाही. तो वर्गात भरपूर भेटतो.

आता कोणी म्हणेल, गोळे घरंगळवणाऱ्या माणसाला तुरुंग कशासाठी? त्याचे कारण पृथ्वी. पृथ्वी फिरते हे कोपर्निकसचे म्हणणे १५४३ पासून छापलेले होते. त्याविरुद्ध सर्वांत जोरदार पुरावा धर्मग्रंथाचा होताच. पण दुसरा पुरावा गतीचा होता. पृथ्वी जर पूर्वेकडे धावत असेल, तर मनोऱ्यावरून सोडलेला धोंडा पश्चिमेला मागे पडायला हवा. तो तर पायथ्याशीच पडतो. तेव्हा पृथ्वी स्थिर आहे! गॅलिलिओने १६३२ सालच्या 'संवादा'त याला उत्तर दिले ते जहाजाचे. जहाजाच्या पोटातल्या बंद खोलीत बसा. वर टांगलेल्या भांड्यातून थेंब थेंब पाणी खालच्या भांड्यात पडू द्या, फुलपाखरे सोडा, मासे पाण्यात असू द्या. जहाज एकसारख्या चालीने जात असेल तर थेंब खालच्याच भांड्यात पडतील, फुलपाखरे मागच्या भिंतीशी गोळा होणार नाहीत. जहाजाची गती थेंबातही आहे. आज धावत्या आगगाडीत नाणे वर उडवून कोणीही हे पाहू शकतो. नाणे पुन्हा हातातच येते.

हे पुस्तक त्याने पंडितांच्या लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या इटालियन भाषेत लिहिले. त्यामुळे ते वाचले गेले आणि त्यामुळेच ते खुपले. २२ जून १६३३ रोजी रोममध्ये धर्मन्यायालयापुढे ६९ वर्षांच्या या म्हाताऱ्याला गुडघे टेकून आपले मत सोडल्याचे वाचून दाखवावे लागले. पुस्तकावर बंदी आली. कैदेची शिक्षा पुढे घरच्या नजरकैदेवर आली, आणि फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावी ती मरेपर्यंत टिकली. चर्चने ही चूक झाल्याचे पोपच्या तोंडून जाहीरपणे मान्य केले ते १९९२ साली.

त्या नजरकैदेत त्याने काय केले? तीस वर्षांपूर्वीचे उतारावरच्या गोळ्यांचे कागद पुन्हा उघडले. आकाशावर बोलायला बंदी होती. घरंगळणाऱ्या गोळ्यावर कोण काय म्हणणार? तरीही त्याचे नवे काही छापायला परवानगी नव्हती. म्हणून हस्तलिखित देशाबाहेर गेले आणि १६३८ साली हॉलंडमधल्या लायडन गावी एल्झेव्हिर या प्रकाशकांनी 'दोन नव्या शास्त्रां'वरचा तो ग्रंथ छापला. ग्रंथ घरी आला तेव्हा लेखकाची दृष्टी पूर्ण गेली होती. त्याने तो हाताने चाचपला असेल. नववीच्या पुस्तकातले त्वरण या ग्रंथातून आले आहे.

एवढे सगळे होऊनही मुलांच्या मनातला ॲरिस्टॉटल हटलेला नाही, हे तितकेच खरे. १९८२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमंट यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारला. नाणे सरळ वर उडवले आहे आणि ते अजून वर चालले आहे. या वेळी त्याच्यावर कोणकोणती बले आहेत, बाणाने दाखवा. बहुतेकांनी वरच्या दिशेने एक मोठा बाण काढला: हाताचा जोर. पदार्थविज्ञानाचा अभ्यासक्रम पुरा केल्यावरही पुष्कळांनी तोच बाण काढला. वास्तविक हात सुटल्यावर हवेचा किंचित अडथळा सोडला तर बल एकच, खाली ओढणारे. आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना मी गमतीने हा प्रश्न घालतो. न्यूटनचे तिन्ही नियम घडाघडा म्हणणारी मुलेही वर जाणारा बाण काढतात. बुरिदान अजून जिवंत आहे म्हणायचा.

पाठांतराने हा बाण खोडला जात नाही. करून पाहिले तर निदान तो हलतो. गॅलिलिओचा प्रयोग खरोखर झाला होता काय, याविषयीही विद्वानांना शंका होती. पाण्याच्या धारेने इतके अचूक मोजता येणारच नाही, असे अलेक्सांद्र कॉयरे या मोठ्या इतिहासकाराचे मत. १९६१ साली थॉमस सेटल या तरुण अभ्यासकाने लांब फळी, गोळा आणि वेळ मोजायला बुडाला नळी बसवलेली फुलझाडाची कुंडी घेऊन तो प्रयोग पुन्हा केला. निकाल गॅलिलिओने सांगितला तसाच आला. पुढच्या दशकात स्टिलमन ड्रेक यांना फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयातल्या गॅलिलिओच्या कागदांत एक पान सापडले. त्यावर गोळ्याने सारख्या वेळात कापलेल्या अंतरांचे आठ आकडे आहेत. ड्रेक यांचा तर्क असा की, हे आकडे पाण्याच्या घड्याळाने मिळालेले नसून कानाने मिळालेले आहेत. तुळईवर वाद्याच्या पडद्यांसारख्या बारीक ताती आडव्या बांधायच्या. गोळा तातीवरून गेला की टक् असा आवाज होतो. तोंडाने एखादे गाणे ठेक्यात म्हणायचे, आणि प्रत्येक 'टक्' ठेक्यावर येईपर्यंत ताती पुढेमागे सरकवायच्या. मग फक्त अंतर मोजायचे. ल्यूटवाल्याच्या मुलाला हे सुचावे यात नवल नाही. आपल्या भजनी मंडळात टाळ केसभर चुकला तरी शेजारचा वारकरी मान वळवून पाहतो. कानाची ही परीक्षा घड्याळाहून तिखट असते. ड्रेक यांचा हा तर्कच आहे, सर्व अभ्यासकांना तो मान्य नाही. पण प्रयोग म्हणून तो वर्गात उत्तम चालतो.

त्याहूनही सोपी एक रीत आहे, आणि तिला तुळई लागत नाही. दोन मीटर पक्का दोरा घ्या आणि सायकलच्या दुकानातले पाच लोखंडी नट. पहिला नट दोऱ्याच्या टोकाला बांधा. त्याच्यापासून १० सेंटिमीटरवर दुसरा, ४० वर तिसरा, ९० वर चौथा, १६० वर पाचवा. जमिनीवर स्वयंपाकघरातली परात पालथी घाला. एका उंच मुलाला स्टुलावर उभे करून दोरा असा धरायला सांगा की खालचा नट परातीला नुसता टेकलेला राहील. वर्गाला डोळे मिटायला सांगा आणि दोरा सोडा. चार ठोके पडतील, टक् टक् टक् टक्, अगदी सारख्या अंतराने. मग दुसऱ्या दोऱ्यावर तेच नट ४०, ८०, १२० आणि १६० सेंटिमीटरवर, म्हणजे सारख्या अंतरावर बांधा आणि तोही सोडा. आता ठोके घाई करत पडतील, शेवटचे दोन जवळजवळ एकमेकांत मिसळल्यासारखे. हे का झाले, ते लगेच सांगू नका. दोऱ्यावरची अंतरे मुलांनाच पट्टीने मोजू द्या, आणि लागोपाठच्या नटांतली वजाबाकी करून आकडे फळ्यावर लिहू द्या: १०, ३०, ५०, ७०.